करंगळीची जागा

मागच्या महिन्यात एका रात्री जेवणे आटोपल्यावर मी लेकीला जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर उभे केले, पेन्सिल अगदी सरळ धरली आणि तिच्या दोन्ही पावलांभोवती रेघ ओढली. मग तिच्या बास्केटबॉलच्या बुटांतले आतले पातळ तळवे उपसून काढले आणि टाचेला टाच जुळवून त्या रेघांवर ठेवले. लांबी व्यवस्थित होती, बोटांपुढे पुरेशी जागाही सुटत होती. पण चवड्याच्या बाहेरच्या बाजूला तिची करंगळी जवळजवळ अर्धी तळव्याच्या बाहेर पडत होती, आणि अंगठ्याच्या मुळाशीही रेघ पेन्सिलीच्या जाडीइतकी बाहेर होती. तळव्याच्या करड्या कापडावर घामाने आणि दाबाने बोटांचे काळपट ठसे उमटले होते. चार ठसे पूर्ण होते. पाचवा कापडाच्या काठावर अर्धाच होता, कारण उरलेली अर्धी करंगळी बुटाच्या भिंतीवर चढून बसत होती.

ती चौदा वर्षांची आहे आणि आठवड्यातले सहा दिवस, रोज दीड तास खेळते. बूट चांगल्या कंपनीचे होते, किंमतही आमच्या घराला जाणवावी अशी होती. "आई, पाय दुखत नाहीत गं, फक्त शेवटी शेवटी जळजळतात," असे ती सहज म्हणून गेली होती, आणि त्या एका वाक्याने मी तीस वर्षे मागे गेले होते.

पावलाभोवती रेघ ओढण्याची ही रीत माझी नाही. माझे आजोळ कोल्हापूरचे. आजोबांच्या चपला ठरलेल्या एका कारागिराकडूनच यायच्या. पाटावर कागद, कागदावर आजोबांचे पाऊल आणि भोवती फिरणारी पेन्सिल हे मी लहानपणी डोळे भरून पाहिले आहे. चवड्यावरून दोरा फिरवून तो घेर मोजायचा आणि मगच आकडा लिहायचा. नवी चप्पल चावायची, तिला तेल पाजावे लागायचे, हे सगळे खरे. पण तिच्या तळव्याची रुंदी आजोबांच्या पावलाची असायची आणि त्यांची पाचही बोटे शेवटपर्यंत एकमेकांपासून सुटी होती. माझी नाहीत. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा आला आहे, अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला आहे आणि करंगळीवर वर्षानुवर्षे जुने कुरूप आहे. असा अंगठा होण्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, डॉक्टरांनी मला ते नीट समजावून सांगितले आहे. तरीही शाळेपासून विद्यापीठाच्या संघापर्यंतची नऊ वर्षे मी ज्या बुटांत घालवली त्यांचा त्यात काहीच वाटा नाही, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

त्या काळी पुण्यात आम्हा मुलींना बास्केटबॉलचे बूट मिळत ते मुलांचेच. घोट्याच्या वर चढणारा, भरपूर गादीचा, जड बूट म्हणजे खेळाडूचा बूट, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. आमचे सर सांगायचे, "घोटा झाकलेला पाहिजे, म्हणजे पाय मुरगळत नाही." टाच सैल पडू नये म्हणून आम्ही एक आकडा लहान घ्यायचो, किंवा नाडी इतकी करकचून आवळायचो की पावलाच्या वरच्या बाजूवर तिचे वळ उठायचे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत रिबाउंडसाठी, म्हणजे टोपलीत न जाता परत आलेला चेंडू पकडायला, उडी मारली आणि उतरताना माझे पाऊल समोरच्या मुलीच्या पावलावर पडले, तेव्हा माझा घोटा पूर्ण झाकलेलाच होता. तो आत वळला, बाहेरच्या बाजूने काहीतरी फाटल्यासारखे वाटले आणि पुढचे दोन महिने क्रेप बँडेजमध्ये गेले. उंच बूट असूनही हे कसे झाले, असे तेव्हा कोणी विचारले नाही, आणि तो प्रश्न मलाही सुचला नाही.

या समजुतीला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी हा खेळ सुरू केला, आणि १९१७ साली कॉन्व्हर्स कंपनीचा ऑल स्टार बाजारात आला: वर कॅनव्हास, खाली रबर, उंची घोट्याच्या वर. पुढे या बुटांचे विक्रेते आणि स्वतः खेळाडू असलेले चक टेलर यांचे नाव त्याला जोडले गेले आणि कित्येक दशके हाच बास्केटबॉलचा बूट राहिला. कापड जाऊन चामडे आले, १९८२ साली नायकीने टाचेत हवेची पिशवी घातलेला आपला पहिला बास्केटबॉल बूट काढला, १९८५ मध्ये मायकल जॉर्डन यांच्या नावाचा बूट आला, १९८९ मध्ये रीबॉकने नाडीखालच्या जिभेवरचा गोळा दाबून बुटात हवा भरण्याचा पंप आणला. रूप बदलत गेले, पण घोट्याभोवतीची ती उंच भिंत तशीच राहिली, कारण ती संरक्षण करते याबद्दल कोणाला शंकाच नव्हती.

ही शंका ज्यांनी रीतसर तपासली त्यांचे काम मी लेकीच्या निमित्ताने वाचले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात महाविद्यालयीन पातळीवर खेळणाऱ्या ६२२ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले गेले: काहींना उंच बूट, काहींना हवा भरता येणारे उंच बूट, काहींना घोट्याखालचे म्हणजे खुजे बूट, आणि सगळे बूट नवे. हंगामभरात घोट्याच्या पंधरा दुखापती झाल्या. त्यांतल्या सात साध्या उंच बुटांत, चार हवेच्या बुटांत आणि चार खुज्या बुटांत होत्या. तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आकडे लहान आहेत, त्यांवरून उंच बूट वाईट असे कोणी म्हणू नये. परंतु आमच्या सरांना आणि आम्हाला जी खात्री होती, तिला आधार मात्र त्यात सापडत नाही.

कारण शोधायला गेले तर ते आपल्याच पायात आहे. उडीवरून उतरताना पाऊल आत वळते ते डोळ्याचे पाते लवते ना लवते तोच, आणि त्या वेळी घोट्यावर अख्ख्या शरीराचा भार असतो. कापडाची, फोमची किंवा मऊ चामड्याची कड एवढा भार अडवू शकत नाही. अडवतात ते नडगीच्या बाहेरच्या बाजूने खाली येणारे स्नायू, आणि तेही वेळेवर जागे झाले तरच. ते जागे व्हायचे तर पाऊल कुठे आणि कसे कलले आहे हे तळव्याने क्षणात वर कळवावे लागते. जाड, मऊ गादीवर उभे राहिले की ही खबर पुसट होते. शिवाय टाच जमिनीपासून जितकी वर, तितकी पाऊल कलंडवणारी तरफ लांब.

म्हणूनच २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूंवर झालेला अभ्यास मी दोनदा वाचला. खेळाडू मैदानात उतरल्याच्या एकूण दहा हजारांहून अधिक नोंदी त्यात होत्या. आधी एकदा घोटा दुखावलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळजवळ पाचपट होती, आणि टाचेत हवेच्या पिशव्या असलेले बूट घालणाऱ्यांना ती इतरांच्या चौपटीहून अधिक होती. जवळपास निम्म्या दुखापती उडीवरून उतरताना झाल्या होत्या. एका अभ्यासावर सगळे ठरवणे बरोबर नाही, आणि त्यानंतर बुटांची बांधणीही पुष्कळ बदलली आहे. तरीही ज्या गोष्टीची सर्वांत मोठी जाहिरात झाली, तीच टाचेखालची हवा पावलाचा पाया डुगडुगता करत असण्याची शक्यता आहे, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

अमेरिकेतले नामवंत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांनी २००८ मध्ये आपल्या नावाचा चौथा नायकी बूट मुद्दाम खुजा करून घेतला. फुटबॉलचे खेळाडू तर याहून जास्त वळतात, थांबतात, दिशा बदलतात आणि त्यांचे बूट घोट्याखालीच असतात, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता. आज व्यावसायिक खेळाडूंमध्ये खुजे बूट सर्रास दिसतात. आपल्या दुकानांत मात्र नवख्या मुलाचे आईवडील अजूनही "घोट्यापर्यंतचा दाखवा" असेच म्हणतात. मी स्वतः लेकीच्या पहिल्या बुटांच्या वेळी हेच वाक्य उच्चारले होते.

घोट्याची एवढी चर्चा होते, पण घोट्याच्या पुढे जे पाऊल आहे त्याच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. एका पावलात २६ हाडे असतात आणि त्यांतली बरीचशी पुढच्या भागात, म्हणजे चवड्यात आणि बोटांत. बास्केटबॉल हा चवड्यावर खेळायचा खेळ आहे. बचावात गुडघे वाकवून सरकताना, लेअपसाठी, म्हणजे धावत जाऊन टोपलीजवळून चेंडू टाकायला, शेवटचे पाऊल टाकताना, एकदम थांबून मागे वळताना सगळा भार तिथे येतो, आणि त्या वेळी बोटे पंख्यासारखी फाकावीत, जमीन धरावी, अंगठ्याने रेटा द्यावा, अशी शरीराची रचना आहे. एकदा सिमेंटच्या मैदानावर ओल्या अनवाणी पायाने चालून ठसे पाहावेत. सर्वांत रुंद ठसा बोटांच्या मुळाशी आणि बोटांवर असतो, आणि बहुतेकांच्या पावलाचे पुढचे टोक अंगठ्याच्या बाजूला असते. आता कुठलाही बूट उलटा करून बघावा. त्याचा सर्वांत रुंद भाग चवड्यापाशी येतो, आणि तिथून तो दोन्ही बाजूंनी निमुळता होत मधल्या बोटांसमोर कुठेतरी टोकाला जातो. असे पाऊल कोणाचेच नसते.

बूट तयार होतो तो फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर. फर्म्याचा आकार ठरला की पुढे कापड कोणते, फोम कोणता, रंग कोणता, हे सगळे नंतरचे. बास्केटबॉलचे बूट मैदानाइतकेच रस्त्यावर मिरवायला घेतले जातात, त्यामुळे फर्मा कसा असावा हे ठरवताना पायाबरोबर डोळ्यांचेही ऐकले जाते, आणि डोळ्यांना निमुळता बूट चपळ वाटतो. आमच्याकडे रुंद पावलासाठीचा जोड क्वचितच दुकानात ठेवलेला असतो. मग विक्रेता अर्धा आकडा वाढवून देतो. अर्ध्या आकड्याने लांबी वाढते सुमारे चार मिलिमीटर आणि रुंदी त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे जिथे जागा नको होती तिथे ती मिळते, जिथे हवी होती तिथे मिळत नाही. वर बूट जिथे वाकायला हवा ती रेषा चवड्याच्या सांध्याच्या पुढे सरकते. पाऊल आत पुढेमागे घसरते, नखे काळी पडतात, आणि मूल नाडी आणखी आवळते.

मुलींच्या बाबतीत हे आणखी बिकट आहे. स्त्रीचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान प्रत नव्हे. लांबी सारखी असली तरी चवड्याच्या मानाने टाच अरुंद असते, कमानीचा घाट वेगळा असतो. पुरुषाचा फर्मा नुसता लहान केला की टाच सैल पडते. टाच धरण्यासाठी लहान आकडा घ्यावा तर बोटे चेमटतात. आम्ही ज्या पेचात अडकलो होतो तो हाच. अमेरिकेत शेरिल स्वूप्स यांच्या नावाचा बूट १९९५ साली आला, तोपर्यंत एकाही महिला बास्केटबॉलपटूच्या नावाचा बूट नव्हता. त्या वर्षी मी अकरावीत होते आणि भावाच्या मित्राने वापरून टाकलेल्या बुटांत पुढे कापूस कोंबून सराव करत होते.

या खेळात पावलाचे हाड मोडते ते बहुधा दोन जागी. एक, कमानीच्या वरचे होडीच्या आकाराचे हाड, म्हणूनच त्याला नाविक्युलर म्हणतात. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिथली बारीक चीर लवकर भरत नाही. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये, दुसऱ्या हंगामातल्या तिसऱ्याच सामन्यात मायकल जॉर्डन यांचे डावे नाविक्युलर मोडले आणि ते ६४ सामने बाहेर राहिले. बिल वॉल्टन आणि याओ मिंग यांच्या कारकिर्दी पावलाच्या अशाच दुखण्यांनी आखूड केल्या. दुसरे हाड करंगळीच्या मागचे, पावलाच्या बाहेरच्या कडेचे. त्याच्या मुळाशी होणारा भंग सर रॉबर्ट जोन्स यांच्या नावाने ओळखला जातो. या शल्यविशारदांनी १९०२ साली त्याचे वर्णन केले आणि त्यातला एक रुग्ण ते स्वतः होते. नाचताना त्यांचे पाऊल मोडले होते. केविन ड्युरंट यांना २०१४ मध्ये हीच दुखापत झाली. या हाडांच्या दुखण्यांचे खापर मी बुटांवर फोडत नाही. वारंवार उड्या मारणाऱ्या उंच, जड शरीराचा भार अखेर हाडांवर येतोच, आणि कुठलाही फोम तो नाहीसा करत नाही. मात्र पावलाची बाहेरची कड बुटाच्या तळव्यावर पूर्ण टेकलेली असावी, तिच्याखाली रबर असावे, ही साधी अपेक्षा आहे. आणि माझ्या लेकीची करंगळी तर काठावर लोंबत होती.

बूट काय चांगले करू शकतो हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चवड्याच्या बाहेरच्या बाजूला तळवा थोडा पसरट काढलेला असतो, बाजूला सरकताना कलंडण्यापासून तो वाचवतो. टाचेभोवतीची कडक वाटी टाच जागेवर धरते. तळव्यावरच्या नागमोडी रेघा लाकडी मैदानावर अप्रतिम पकड देतात. आमच्याकडे अडचण अशी की लाकडी मैदान फार थोड्यांच्या वाट्याला येते. मेपलच्या लवचीक फळ्यांसाठी केलेले मऊ रबर आमच्या खरखरीत सिमेंटवर तीनचार महिन्यांत गुळगुळीत होते, आणि मूल त्याच बुटांत वर्ष काढते. आतला फोमही दबतो, तो सहसा एका बाजूने जास्त. बाहेरून धडधाकट दिसणारा बूट टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत मागून पाहिला की तो आत झुकलेला दिसतो. मोठ्या बहिणीचे बूट धाकटीला देताना आपण हा झुकावही तिला देत असतो.

घोट्याची राखण करायचीच असेल तर तिचे मार्ग वेगळे आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, शालेय पातळीवरच्या १,४६० बास्केटबॉलपटूंच्या अभ्यासात नाडीने बांधायचा घोट्याचा पट्टा वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचे प्रमाण इतरांच्या साधारण एक तृतीयांश होते. झालेल्या दुखापतीची तीव्रता मात्र त्याने कमी झाली नाही. स्टीफन करी यांच्या उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर त्यांच्या प्रशिक्षकांनी भर दिला तो कंबर आणि नितंबांचे स्नायू बळकट करण्यावर. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी लेकीला दिलेले व्यायाम साधेच आहेत: अनवाणी एका पायावर उभे राहायचे, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, बोटांनी जमिनीवरचा रुमाल गोळा करायचा, भिंतीला हात लावून चवड्यांवर सावकाश चढायचे आणि उतरायचे. सकाळी दात घासताना ती एका पायावर उभी असते. पहिल्या आठवड्यात डोळे मिटले की पाच सेकंदांत तोल जायचा आणि पावलाच्या बाहेरच्या कडेची शीर दोरीसारखी ताणलेली दिसायची. आता ती अर्धा मिनिट उभी राहते.

नवे बूट घ्यायला आम्ही संध्याकाळी गेलो, कारण दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडे पसरते, आणि खेळताना घालते तेच जाड मोजे तिने घातले होते. पहिल्या दोन दुकानांत मी वर्तमानपत्राची घडी उलगडली तेव्हा विक्रेत्यांना नेमके काय हवे ते कळेना. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने मात्र कागद हातात घेतला, नीट पाहिला आणि एकामागून एक जोड आणून त्यांचे तळवे स्वतः काढून रेघेवर ठेवायला लागला. सात जोड झाले. लेकीला आवडलेला लाल बूट रेघेच्या आत राहिला नाही, आणि तिचा चेहरा पडला तेव्हा मला वाईट वाटले; चौदाव्या वर्षी बुटाचा रंग ही लहान गोष्ट नसते. शेवटी घेतलेला जोड घोट्याखालचा, गादीला बेताचा, पुढून बोथट आणि आधीच्यापेक्षा स्वस्त होता. तिने तो घालून दुकानातच बचावाच्या पवित्र्यात इकडून तिकडे सरकून पाहिले आणि म्हणाली, "आई, आत बोटं हलतायत."

तीन आठवड्यांनी, काल रात्री, मी त्यांचे तळवे काढून दिव्याखाली धरले. डाव्या तळव्यावर पाचही ठसे पूर्ण उमटू लागले आहेत. उजव्यात पाचवा अजून काठाला टेकलेला आहे. तिचे उजवे पाऊल डाव्यापेक्षा किंचित रुंद आहे आणि कागदावर ते दिसतच होते, पण जोड निवडताना मी डाव्याचीच रेघ अधिक पाहिली. आता उजव्या बुटाची नाडी आम्ही खालची दोन भोके सोडून तिसऱ्यापासून ओवली आहे. त्याने चवड्यावरचा दाब सुटतो, टाच मात्र घट्ट राहते. वर्तमानपत्राच्या त्या पानावर मी तारीख घातली आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत शेजारी दुसरी रेघ ओढायची ठरवले आहे.